वळण खाडीकडे

चेंबूरच्या त्या हिरवळीवरचे सगळे उतार
शेवटी खाडीकडे जातात.
बघणाऱ्याला ती कॅरमबोर्डासारखी सपाट दिसते.
मला तळव्यांनी कळतं,
बाराव्या वर्षापासून, अनवाणी,
दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता.

रविवार. स्पर्धेची शेवटची फेरी.
माझे साहेब कैझाद दुबाश, वय सेहेचाळीस,
ही ढाल दोनदा एकेका फटक्याने हुकलेली.
समोर चंदीगडचा हरकीरत, तेवीसचा,
त्याने मारलं की चेंडू आधी दिसेनासा होतो
आणि आवाज मागाहून येतो.
त्याची पिशवी सेल्वमच्या खांद्यावर.
सेल्वम आमच्याच गल्लीतला.
एकच नळ, एकच मीटर,
आणि जिंकणाऱ्याच्या बक्षिसातला दहावा हिस्सा
दोघांपैकी एकाच्याच घरात जाणार.

पहाटे नळावर आम्ही बोललो नाही.
त्याने फक्त माझा हंडा पुढे सरकवला.

दहाव्या होलला साहेब एकाने पुढे.
बाराव्याला बरोबरी.
चौदाव्याला हरकीरतचा चेंडू झाडीत शिरला,
खोडावर 'टक्' झालं आणि माझ्या मनात लाडू फुटला.
लगेच सेल्वमच्या पोरीची नर्सिंगची फी आठवली,
लाडू घशातच अडकला.
चेंडू मात्र फांदीवरून उसळून
गुमान गवतावर येऊन बसला,
पत्ता विचारत आलेल्या पाहुण्यासारखा.

सतराव्याला साहेबांनी वाळूतून असा उचलला
की तव्यावरची भाकरी बोटांनी उलटावी.
पुन्हा बरोबरी.

अठरावं.
पलीकडे रिफायनरीची ज्योत दुपारच्या उन्हात
असून नसल्यासारखी.
हरकीरत आधी खेळला.
सेल्वम त्याच्या कानाशी काहीतरी बोलला, अगदी थोडं.
चेंडू सरळ गेला. सरळ. आत.
मी ते पाहिलं,
आणि पाहिलं नाही.

आता साहेबांचा. नऊ फूट.
गेला तर जादा होलवर लढत, नाही तर संपलं.
"किती?"
"चार बोटं डावीकडे धरा साहेब. खाडी ओढेल."
ते गुडघ्यावर बसले.
"मला तर सरळ वाटतं रे."
"वाटतं, साहेब."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेरा वर्षांचं पाहणं एकदम,
आणि माझं ऐकलं.

चेंडू डावीकडून निघाला.
मी मनातल्या मनात खाडीला हाक मारली.
खाडीने ओ दिली नाही.
होलच्या काठाला घासून तो डावीकडेच थांबला,
उंबऱ्यावर चपला काढून
आत न आलेल्या माणसासारखा.

टाळ्या पलीकडच्या बाजूला वाजल्या.
साहेबांनी पटर स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवला.
तेरा वर्षांत पहिल्यांदा.
"उद्या सुट्टी घे," म्हणाले. रागाने नाही.
रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

रात्री सेल्वम नळाच्या कट्ट्यावर येऊन बसला.
बिर्याणीचं पुडकं मधे ठेवलं, उघडलं नाही.
"मे महिन्यात," तो म्हणाला,
"तू गावी होतास. इथे काम नव्हतं.
मी रोजंदारीवर होतो त्या ग्रीनवर.
उजवी बाजू उचलली त्यांनी. अठरा ट्रक माती.
मीच ओतली."
"सांगितलं नाहीस."
"नाही."
बराच वेळ नळ ठिबकत राहिला.
"तू सांगितलं असतंस?"

मी उत्तर दिलं नाही.
पत्र्यावरून ती वाकवलेली सळई काढली,
लहानपणी दोघांत एकच होती ती,
आणि प्लास्टिकचा एक चेंडू, अर्धा चेपलेला.
गल्लीत मोरीचं झाकण हाच आमचा होल.
सेल्वमने अंदाज घेतला. "सरळ?"
"नाही रे," मी म्हटलं.
"इथे कुणी माती टाकलेली नाही.
इथे अजून सगळं खाडीकडेच जातं."